आठ अक्षरे आणि एक कमांड : मेनफ्रेम सुरू करण्याविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात बँकांच्या संगणकव्यवस्थेविषयीच्या एका पत्राला उत्तर देताना ‘मेनफ्रेम पुन्हा सुरू करायची झाली तर ती एका कमांडने सुरू होते, पण ती कमांड देणाऱ्याची त्या रात्री झोप उडालेली असते’ असे एक वाक्य मी ओघात लिहून गेलो. त्या एका वाक्यावर इतकी पत्रे आली, की हा संपूर्ण अंक त्यांनाच द्यावा असे ठरले. मी या यंत्रांवर आधी ऑपरेटर आणि पुढे सिस्टीम प्रोग्रामर म्हणून नोकरी केली आहे. त्यामुळे उत्तरांत अनुभवाचा भाग थोडा अधिक येईल, त्याबद्दल वाचकांनी सांभाळून घ्यावे. मेनफ्रेम म्हणजे बँकांसारख्या संस्थांचे मोठे मध्यवर्ती संगणक; येथे त्यांपैकी आयबीएमची झेड मालिकेतील यंत्रे आणि त्यांची पूर्वज यंत्रे असे समजावे, कारण पत्रे त्यांच्याविषयीच आहेत.

प्रश्न : माझी मुलगी हिंजवडीतील एका कंपनीत अमेरिकेतल्या ग्राहकासाठी काम करते. ‘रविवारी सकाळी १० वाजता आयपीएल आहे, मला कोणी हाक मारू नका’ असे तिने सांगितले, तेव्हा तिच्या काकांनी सामना कोणाकोणाचा आहे असे विचारले आणि घरात हशा पिकला. हे आयपीएल म्हणजे काय, आणि घरचा संगणक सुरू करण्यापेक्षा त्यात वेगळे काय असते? (एक वाचक, कोथरूड, पुणे)

उत्तर : क्रिकेटचे आयपीएल २००८ साली आले, आपल्या मुलीचे आयपीएल त्याहून चाळीसेक वर्षांनी वडील आहे. ‘इनिशियल प्रोग्रॅम लोड’ या शब्दांचे ते संक्षिप्त रूप आहे. आयबीएमने ७ एप्रिल १९६४ रोजी सिस्टीम/३६० ही यंत्रमालिका जाहीर केली, तेव्हा त्या यंत्रांच्या दर्शनी फलकावर दिव्यांच्या रांगांखाली ‘लोड युनिट’ असे लिहिलेल्या फिरवायच्या तीन कळा आणि शेजारी ‘लोड’ नावाचे एक बटण असे. ज्या डिस्कवरून, टेपवरून किंवा कार्ड वाचणाऱ्या यंत्रावरून सुरुवात करायची त्याचा तीन अंकी पत्ता त्या कळांनी लावायचा आणि बटण दाबायचे, एवढाच तो विधी होता.

त्या बटणाने जे घडते ते समजून घेण्यासारखे आहे. त्या क्षणी मेमरीत कामाचा कोणताही प्रोग्रॅम नसतो, म्हणजे प्रोग्रॅम वाचून आणणारा प्रोग्रॅमसुद्धा नसतो. म्हणून ते काम यंत्र स्वतःच, म्हणजे त्याच्या घडणीतच बसवलेल्या तर्काने करते : सांगितलेल्या पत्त्यावरच्या उपकरणावरून ते फक्त २४ बाइट वाचते आणि मेमरीच्या अगदी आरंभी, शून्याव्या स्थानापासून, मांडते. त्यांपैकी पहिल्या ८ बाइटमध्ये प्रोसेसरने पुढे कोठून आणि कोणत्या स्थितीत काम सुरू करावे हे लिहिलेले असते, आणि उरलेल्या १६ बाइटमध्ये वाचन पुढे चालू ठेवण्याच्या दोन सूचना असतात. त्या सूचनांप्रमाणे आणखी थोडा मजकूर वाचला जातो, तो त्याहून मोठा मजकूर वाचून घेतो, आणि असे करत करत संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टीम उभी राहते. चमचाभर विरजणाने पातेलेभर दूध लागावे तसा हा प्रकार आहे. आज फलक गेला, कळा गेल्या, बटणाच्या जागी पडद्यावरची लोड कमांड आली. पण डिस्कवरून होणाऱ्या आयपीएलचे ते २४ बाइट आजही आपल्या जागी आहेत.

घरच्या संगणकाशी तुलना केली तर दोन फरक महत्त्वाचे आहेत. घरचा संगणक सुरू होताना कोणत्या डिस्कवर ऑपरेटिंग सिस्टीम आहे याचा शोध आपण होऊन घेतो. मेनफ्रेम शोध घेत नाही, तिला माणसाने नेमका पत्ता सांगावा लागतो आणि ती त्या पत्त्यावर विश्वास ठेवते. दुसरा फरक असा, की आयपीएल म्हणजे वीज बंद करून चालू करणे नव्हे. एकाच यंत्राचे अनेक तार्किक भाग पाडलेले असतात, मोठ्या मॉडेलांवर ८५ पर्यंत. बोलताना त्यांना ‘एलपार’ म्हणतात. आपली मुलगी बहुधा त्यांपैकी एका एलपारचे आयपीएल करत असेल, आणि त्या वेळी त्याच यंत्रावरचे शेजारचे एलपार आपापले काम निवांत करत असतील.

रविवारी सकाळी १० चीच वेळ का, हेही सांगतो. त्या वेळी न्यू यॉर्कमध्ये शनिवारची मध्यरात्र असते. हिवाळ्यात रात्रीचे ११.३०, उन्हाळ्यात १२.३०. ग्राहकाचा सर्वांत कमी वर्दळीचा तास म्हणजे आपल्याकडची नाश्त्याची वेळ, हे पुण्या-मुंबईच्या कित्येक घरांनी आता स्वीकारले आहे.

प्रश्न : मी ऐरोलीत ऑपरेटर म्हणून नुकताच रुजू झालो आहे. लोडच्या पडद्यावर एक पत्ता आणि त्याखाली आठ अक्षरांचे पॅरामीटर भरायचे असते. आम्हाला कागदावर लिहून दिले जाते आणि ‘जसेच्या तसे टाका’ एवढेच सांगितले जाते. त्या अक्षरांचा अर्थ काय, आणि एखादे चुकले तर नेमके काय होते? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : ‘जसेच्या तसे टाका’ हा सल्ला वाईट नाही, पण अर्थ कळल्यावर तो पाळणे सोपे जाते. हार्डवेअर मॅनेजमेंट कन्सोलवर, म्हणजे आपण ज्याला एचएमसी म्हणतो त्यावर, एलपार निवडून लोडचे काम उघडले की मुख्यतः तीन गोष्टी द्याव्या लागतात : लोडचा प्रकार, लोडचा पत्ता आणि लोड पॅरामीटर.

पत्ता म्हणजे ज्या डिस्कवर ते २४ बाइट आहेत तिचा हेक्साडेसिमल, म्हणजे ० ते ९ आणि ए ते एफ यांत लिहिलेला, क्रमांक. या डिस्कला ‘सिसरेस’ म्हणतात. आता आठ अक्षरांचे उदाहरण घेऊ : ‘०, ए, ८, २, सी, एस, एम, १’. यातील पहिली चार, म्हणजे ०ए८२, हा आणखी एका डिस्कचा क्रमांक आहे; यंत्राला कोणकोणती उपकरणे जोडलेली आहेत याची नोंद असलेली आयओडीएफ नावाची फाइल त्या डिस्कवर असते. पुढची दोन, ‘सीएस’, ही अक्षरे ‘लोड’ या शब्दाला जोडली की लोडसीएस हे एका छोट्या यादीचे नाव तयार होते. सिस्टीम ही यादी आयओडीएफच्या डिस्कवर सिस०.आयपीएलपार्म ते सिस९.आयपीएलपार्म या फाइलींत क्रमाने पाहते, तेथे नसेल तर त्याच डिस्कवरच्या सिस१.पार्मलिबमध्ये, आणि तेथेही नसेल तर सिसरेसवरच्या सिस१.पार्मलिबमध्ये. सातवे अक्षर सुरुवातीचे संदेश किती दाखवायचे आणि ऑपरेटरला काय काय विचारायचे हे ठरवते : ‘एम’ दिले तर माहितीचे संदेश दिसतात पण प्रश्न विचारले जात नाहीत, ‘ए’ दिले तर संदेशही दिसतात आणि मास्टर कॅटलॉग (कोणती फाइल कोणत्या डिस्कवर आहे याची मुख्य सूची) व सिस्टीम पॅरामीटर यांविषयी विचारणाही होते, आणि नुसते टिंब दिले तर सारे निमूटपणे चालते. आठवे अक्षर ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे न्यूक्लिअस, कोणता घ्यायचा ते सांगते. ते जवळजवळ नेहमी १ असते.

लोडसीएस या यादीत आयओडीएफ कोणती, मास्टर कॅटलॉग कोणता, पॅरामीटरच्या लायब्ररी कोणत्या अशा मोजक्या ओळी असतात. या ओळींची एक गंमत आहे, आणि ज्याला ती रात्री दोन वाजता कळली त्याला ती गंमत वाटत नाही. येथे शब्द ठरलेल्या रकान्यांतच बसवावे लागतात : नाव पहिल्या रकान्यापासून, माहिती दहाव्या रकान्यापासून. माहिती अकराव्या रकान्यात सरकली तर ओळ डोळ्यांना पूर्ण बरोबर दिसते आणि यंत्राच्या दृष्टीने तिचा अर्थ बदललेला असतो. पंच केलेल्या कार्डांच्या काळातला हा वारसा आहे, आणि तो बदलावा असे कोणाला वाटलेले दिसत नाही.

आता चुकीविषयी. पत्ता अशा डिस्कचा पडला, की जिच्यावर आयपीएलचा मजकूर लिहिलेलाच नाही, तर सिस्टीम ‘००एफ’ या वेट स्टेटमध्ये, म्हणजे नुसते थांबून राहण्याच्या स्थितीत, जाते. तो आकडा एचएमसीवर दिसतो आणि ही डिस्क आयपीएलसाठी नाही असा त्याचा अर्थ असतो. कन्सोल म्हणून नेमलेले एकही उपकरण सापडले नाही तर ‘००७’ दिसतो. अशा वेळी छातीत धस्स होते खरे, पण या भल्या चुका आहेत : काहीही सुरू झालेले नसते, काहीही बिघडलेले नसते, आकडे तपासून पुन्हा लोड दिले की काम होते.

खरी भीती आहे ती चुकीचा पत्ता देऊनही सिस्टीम व्यवस्थित सुरू होण्याची. बहुतेक ठिकाणी सिसरेसचे दोन संच ठेवतात. एकावर सिस्टीम चालू असते, दुसऱ्यावर सुधारणा बसवून ठेवतात, आणि पुढच्या आयपीएलला या संचावरून त्या संचावर जातात. मी ऑपरेटर असताना अशाच एका बदलाच्या रात्री पत्ता मला फोनवरून सांगण्यात आला. सांगणाऱ्याने ‘पाच डी वीस’ म्हटले आणि मी ‘पाच बी वीस’ ऐकले. दोन्ही क्रमांकांच्या डिस्का खऱ्या होत्या, दोन्ही सिसरेस होत्या. फरक इतकाच, की एक नवी होती आणि एक जुनी. सिस्टीम एका दमात वर आली, एकही संदेश लाल नव्हता, आणि मी समाधानाने चहा घेतला. चार दिवसांनी एका प्रोग्रामरने तक्रार केली, की दुरुस्त झालेली म्हणून कळवलेली चूक जशीच्या तशी आहे. तेव्हा कोणीतरी कन्सोलवर ‘डी आयपीएलइन्फो’ ही कमांड दिली आणि तिच्या उत्तरात सिसरेसचे जुने नाव सर्वांसमोर उभे राहिले. ती सुधारणा पुन्हा एकदा, पुढच्या रविवारी, बसवावी लागली.

असे का होऊ शकते, तर सिस्टीम तशीच बांधलेली असते म्हणून. ज्या डिस्कवरून आयपीएल झाले तिचे नाव सिस्टीम एका चिन्हात ठेवते आणि कॅटलॉगमधल्या नोंदी त्या चिन्हाच्या आधाराने लिहिलेल्या असतात, जेणेकरून कोणत्याही संचावरून सुरू केले तरी सर्व फाइली त्याच संचावरच्या सापडाव्यात. ही सोय फार कामाची आहे. पण तिच्यामुळेच जुन्या संचावरून सुरू केल्यावर यंत्राला तक्रार करण्याचे कारण उरत नाही. लोडची कमांड ही आज्ञाधारक असते, शहाणी नसते. म्हणून माझे दोन नियम आहेत, आणि ते आपणही घ्यावेत असे मी सुचवीन. क्रमांक तोंडी सांगताना ‘बी फॉर बॉम्बे, डी फॉर दिल्ली’ असेच सांगायचे, मग समोरचा कितीही अनुभवी असो आणि त्याला ते कितीही पोरकट वाटो. आणि सिस्टीम वर आल्यावर दिलेली पहिली कमांड ‘डी आयपीएलइन्फो’च असली पाहिजे. आयपीएल केव्हा झाले, कोणती आवृत्ती आहे, लोडची कोणती यादी कोणत्या फाइलीतून वाचली, आयपीएलचे उपकरण आणि डिस्क कोणती, हे सर्व ती कमांड एका पडद्यावर सांगते. कागदावरचा पत्ता आणि पडद्यावरचा पत्ता यांवर बोट ठेवून दोन्ही वाचायचे, आणि मगच चहा.

लोडच्या प्रकाराविषयी आपण विचारलेले नाही, पण ते सांगायलाच हवे. ‘क्लिअर’ हा प्रकार एलपारची मेमरी पुसून मग सुरू करतो, ‘नॉर्मल’ प्रकार मेमरी पुसत नाही. रोजच्या आयपीएलला क्लिअर चालते. परंतु सिस्टीम अचानक बंद पडली असेल आणि कारण शोधण्यासाठी स्वतंत्र डंप, म्हणजे मेमरीची जशीच्या तशी नक्कल, घ्यायचा असेल, तर तो डंपचा प्रोग्रॅमदेखील लोड कमांडनेच, त्याच्या वेगळ्या पत्त्यावरून, सुरू करायचा असतो, आणि तेथे नॉर्मलच निवडून प्रोसेसरची स्थिती साठवण्याचा पर्याय घ्यावा लागतो. तेथे सवयीने क्लिअर निवडले गेले तर ज्या मेमरीत बिघाडाचा पुरावा आहे तीच आपण आपल्या हाताने पुसतो. एचएमसीवर एलपारला मोडतोड करणाऱ्या कामांविरुद्ध कुलूप लावण्याची सोय आहे. ग्राहकाचे प्रत्यक्ष काम चालणाऱ्या एलपारला ते लावलेले असेल आणि आपल्याला त्याचा वैताग येत असेल, तर तो वैताग सोसावा.

प्रश्न : लोड कमांड दिल्यानंतर बाकीचे आपोआप होते, की एकेक भाग ‘स्टार्ट’ करावा लागतो? आमच्या अभ्यासक्रमात ‘कोल्ड स्टार्ट’ आणि ‘वॉर्म स्टार्ट’ हे शब्द येतात, पण दोन पुस्तकांत दोन अर्थ सापडले. (एक विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : आपल्याला सापडलेले दोन्ही अर्थ बरोबर असण्याची शक्यता आहे, आणि घोटाळा नेमका तेथेच आहे.

आधी क्रम पाहू. लोडनंतर न्यूक्लिअस मेमरीत येतो, मग त्याला कामाला लावणारे प्रोग्रॅम चालतात. या टप्प्याला बोलताना ‘निप’ म्हणतात. लोड पॅरामीटरमध्ये तशी सूचना असेल तर येथे ‘स्पेसिफाय सिस्टीम पॅरामीटर्स’ असा संदेश येतो, त्याचा क्रमांक आयईए१०१ए, आणि सिस्टीम ऑपरेटरच्या उत्तरासाठी थांबते. त्यानंतर मास्टर शेड्यूलर उभा राहतो. आता ऑपरेटिंग सिस्टीम जागी झाली, पण तिला अजून बॅच जॉब, म्हणजे रांगेत लावून एकामागून एक करायची कामे, घेता येत नाहीत आणि टर्मिनलवरून कोणाला आत येता येत नाही. जॉब घेण्यासाठी जेईएस२ लागतो, जाळ्यासाठी (नेटवर्कसाठी) व्हीटॅम आणि टीसीपी/आयपी, लोकांना आत घेण्यासाठी टीएसओ, आणि त्यांवर मग माहितीसाठा सांभाळणारा डीबी२, व्यवहार चालवणारा सीआयसीएस यांसारखी खरी कामाची माणसे. यांतील प्रत्येकासाठी ‘स्टार्ट’ ही कमांड आहे आणि तिचे एका अक्षराचे रूप ‘एस’. ‘एस व्हीटॅम’, ‘एस टीएसओ’ असे कन्सोलवर देता येते. प्रत्यक्षात जेईएस२ सुरू होण्याची सोय सिस्टीमच्या पॅरामीटरमध्येच केलेली असते, काही कमांड कमांड-एक्सएक्स या प्रकारच्या यादीत लिहून ठेवतात आणि सिस्टीम त्या स्वतःला देते, आणि उरलेले काम स्वयंचलित ऑपरेशनची सॉफ्टवेअरे करतात. ती कोणाआधी कोण हा क्रम पाळतात, कारण डीबी२ येण्याआधी त्याच्यावर अवलंबून असलेला सीआयसीएस आला तर तो येऊनही उपयोग नसतो. हाताने ‘एस’ देण्याची वेळ येते ती त्या साखळीतील एखादी कडी अडकली तर, आणि म्हणूनच क्रम पाठ असावा.

आता ‘कोल्ड’. झेड/ओएसच्या, म्हणजे या यंत्रांवरच्या मुख्य ऑपरेटिंग सिस्टीमच्या, बाबतीत कोल्ड स्टार्ट म्हणजे सीएलपीए हा पॅरामीटर देऊन सुरू करणे : सर्वांनी वाटून वापरायचे प्रोग्रॅम ज्या भागात राहतात तो लिंक पॅक एरिया नव्याने भरून घेणे. तो भाग आधीचाच ठेवून फक्त तात्पुरत्या आभासी फाइली पुसल्या तर ते क्विक स्टार्ट, आणि दोन्ही न करता सुरू केले तर वॉर्म स्टार्ट. या अर्थाचा कोल्ड स्टार्ट निरुपद्रवी आहे. पुष्कळ ठिकाणी प्रत्येक आयपीएल सीएलपीएनेच करतात आणि कोणाचे काही बिघडत नाही.

जेईएस२चा कोल्ड स्टार्ट मात्र वेगळाच आहे. जेईएस२ सुरू होताना ‘स्पेसिफाय ऑप्शन्स’ असे विचारू शकतो. त्याला वॉर्म असे उत्तर दिले तर स्पूलमधले, म्हणजे जॉब आणि निकाल साठवण्याच्या डिस्कवरच्या जागेतले, जॉब आणि त्यांचे छापायचे राहिलेले निकाल जसेच्या तसे परत मिळतात. कोल्ड असे उत्तर दिले तर स्पूल कोरे होते. रांगेत थांबलेले जॉब, आदल्या दिवसाचे अहवाल, सगळे जाते, आणि ते परत आणण्याची वेगळी व्यवस्था आधी केलेली नसेल तर गेले ते गेले. एकाच आयपीएलमध्ये, काही मिनिटांच्या अंतराने, त्याच कन्सोलवर ‘कोल्ड’ हा शब्द एकदा अगदी साधा आणि एकदा अत्यंत घातक असा येतो. माझ्या मते हे नामकरण या सर्व व्यवस्थेतील सर्वांत दुर्दैवी नामकरण आहे. परीक्षेत उत्तर लिहिताना ‘कोणाचा कोल्ड स्टार्ट’ हे आधी लिहावे.

याच जातीचा आणखी एक प्रश्न अनेक सिस्टीम एकत्र जोडलेल्या सिसप्लेक्समध्ये येतो. नवी सिस्टीम वर येताना सामाईक नोंदीत इतर सिस्टीम चालू असल्याच्या खुणा दिसल्या, तर आयएक्ससी४०५डी या संदेशाने विचारले जाते : ‘आय’ म्हणजे सिसप्लेक्स नव्याने मांडा, ‘जे’ म्हणजे चालू असलेल्यात सामील व्हा, ‘आर’ म्हणजे सिस्टीमांना एकत्र जोडणारा एक्ससीएफ हा भाग या सिस्टीमवर नव्याने सुरू करा. इतर सिस्टीम खरोखरच चालू असताना ‘आय’ म्हणणे म्हणजे लोक पंगतीला बसलेले असताना पाने उचलून नवी पंगत मांडण्यासारखे आहे. हे उत्तर देण्याआधी एचएमसीवर जाऊन शेजारचे एलपार खरोखर कोणत्या स्थितीत आहेत ते डोळ्यांनी पाहावे.

प्रश्न : आयपीएलपूर्वी सिस्टीम बंद करताना काही विशेष काळजी घ्यावी लागते का, की थेट लोड दिले तरी चालते? (एक वाचक, नवी मुंबई)

उत्तर : थेट लोड दिले तर यंत्र अडवणार नाही, मेमरीतले सर्व जागच्या जागी टाकून ते नव्याने सुरू होईल. पण मग अर्धवट राहिलेले व्यवहार डीबी२ला आणि सीआयसीएसला लॉग वाचून सावरावे लागतात आणि त्यात वेळ जातो. रीत अशी, की चढताना जो क्रम असतो त्याच्या उलट क्रमाने उतरायचे : आधी सीआयसीएस आणि डीबी२, मग टीएसओ आणि जाळे, शेवटी डॉलर चिन्हाने सुरू होणारी ‘पी जेईएस२’ ही कमांड. त्यानंतर ‘झेड ईओडी’ द्यायची. तिने मेमरीत साठलेल्या वापराच्या आणि यंत्रदोषांच्या नोंदी डिस्कवर लिहून होतात. ‘हॉल्ट ईओडी सक्सेसफुल’ असा संदेश आला, की सिसप्लेक्स असल्यास त्यातून ही सिस्टीम ‘व्ही एक्ससीएफ’ कमांडने बाहेर काढायची, आणि मग लोड.

प्रश्न : मी १९८० च्या दशकात व्हीएमवर काम केले. सकाळी टर्मिनलवर ‘आयपीएल सीएमएस’ असे लिहिल्याशिवाय आमचा दिवस सुरू होत नसे, आणि त्यासाठी कोणाच्या परवानगीचा प्रश्नच नव्हता. आपण वर्णन करता ते आयपीएल आणि आमचे ते आयपीएल एकच का? तो प्रकार आज शिल्लक आहे का? (एक निवृत्त वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : तत्त्वतः एकच, आणि शिल्लक तर आहेच. आयबीएमने व्हीएम/३७० हे १९७२ साली जाहीर केले. त्याची कल्पना अशी, की प्रत्येक वापरणाऱ्याला स्वतःची एक आभासी मेनफ्रेम द्यायची, तिला आभासी कन्सोल, आभासी डिस्का, एवढेच काय पण आभासी कार्ड रीडरही द्यायचा. मग ते यंत्र सुरूही त्यालाच करू द्यायचे. म्हणून फलकावरचे लोडचे बटण तेथे ‘आयपीएल’ या कमांडच्या रूपाने प्रत्येकाच्या हाती आले. ‘आयपीएल १९०’ म्हटले तर १९० क्रमांकाच्या, म्हणजे सीएमएस या एका माणसापुरत्या छोट्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या डिस्कवरून, आणि ‘आयपीएल सीएमएस’ म्हटले तर आधीच तयार करून जपून ठेवलेल्या प्रतीवरून तेच घडे, आणि ते अधिक लवकर घडे. नंतर आपल्या १९१ डिस्कवरचा प्रोफाइल एक्झेक, म्हणजे सुरुवातीच्या कमांडची आपण लिहिलेली यादी, आपोआप चाले. तो बिघडवून ठेवला असेल तर सीएमएस वर आल्याबरोबर पहिली कमांड म्हणून ‘अ‍ॅक्सेस’ आणि तिच्यापुढे ‘नोप्रोफ’ हा पर्याय देऊन सुटका करून घ्यावी लागे, हे आपल्याला आठवत असेल.

आजच्या झेड/व्हीएममध्ये हे सर्व तसेच आहे, आणि त्यात एक भर पडली आहे जी पाहून आपल्याला मौज वाटेल. झेड/व्हीएमवर आता मोठ्या संख्येने लिनक्स चालवतात. त्यातील एखादे नव्याने बसवायचे असेल तर लिनक्सचा कर्नल, पॅरामीटरची फाइल आणि आरंभीचा मेमरी-डिस्कचा संच अशा तीन फाइली आभासी यंत्राच्या कार्ड रीडरमध्ये क्रमाने टाकतात आणि कमांड देतात : ‘आयपीएल ००सी क्लिअर’. ००सी हा कार्ड रीडरचा तोच जुना पत्ता आहे. कार्डे नाहीत, रीडर नाही, पंच करणारे कोणी नाही, आणि तरीही २४ बाइट त्याच दारातून आत येतात.

प्रश्न : हे सर्व घरी करून पाहता येईल का? आमच्या महाविद्यालयात मेनफ्रेम नाही आणि असण्याची शक्यताही नाही. (एक विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर : येईल, आणि त्यासाठी साधा लॅपटॉप पुरतो. रॉजर बोलर यांनी १९९९ मध्ये लोकांसमोर आणलेला हर्क्युलिस नावाचा एम्युलेटर मुक्तपणे उपलब्ध आहे. तो विंडोज, लिनक्स किंवा मॅकवर मेनफ्रेमचा प्रोसेसर, डिस्का, टेप, कन्सोल हे सर्व प्रोग्रॅमच्या रूपाने उभे करतो. त्यावर आजची झेड/ओएस चालवायला आयबीएमचा परवाना लागतो, तेव्हा तिच्या वाटेला जाऊ नये. मात्र एमव्हीएस ३.८ ही जुनी ऑपरेटिंग सिस्टीम विनापरवाना वापरता येते, आणि तिचे ‘टर्नकी’ या नावाने ओळखले जाणारे तयार संच मिळतात. हल्लीची झेड/ओएस पाहायची असेल तर आयबीएमचा झेड एक्सप्लोअर हा विनामूल्य शिक्षणक्रम आहे. तेथे खऱ्या यंत्रावर काम करता येते, पण आयपीएल करण्याची मुभा अर्थातच नसते. म्हणून आपल्या प्रश्नापुरते हर्क्युलिसच बरे.

तयार संचातील काही आवृत्त्या सर्व आपोआप करून मोकळ्या होतात. पहिल्यांदा तो स्वयंचलित मार्ग बंद करून हाताने करावे. हर्क्युलिसच्या पडद्यावर ‘आयपीएल १४८’ असे लिहावे. या संचाच्या बऱ्याच आवृत्त्यांत एमव्हीएसची सिसरेस १४८ या पत्त्यावर असते. थोड्या वेळाने कन्सोलवर आयईए१०१ए हा वर सांगितलेला संदेश येईल, आणि त्यात रिलीज ०३.८ असा उल्लेख असेल. त्याला ‘आर ०, सीएलपीए’ असे उत्तर द्यावे. ‘आर’ म्हणजे उत्तर, ० म्हणजे प्रश्नाचा क्रमांक. मग जेईएस२ उभा राहताना त्याचे संदेश सावकाश वाचावेत आणि तो पर्याय विचारत असेल तर कोल्ड म्हणू नये. निदान पहिल्या दिवशी नको, नंतर मुद्दाम म्हणून पाहावे आणि स्पूलचे काय होते ते पाहावे, कारण ती चैन फक्त घरच्या यंत्रावरच परवडते. चुकीचा पत्ताही एकदा मुद्दाम देऊन पाहावा. ‘डी आयपीएलइन्फो’ ही कमांड ३.८ मध्ये अजून आलेली नव्हती, तेव्हा ती चालली नाही तर गोंधळून जाऊ नये.

झोपण्यापूर्वी लॅपटॉपचे झाकण तसेच मिटू नये. डॉलरवाली ‘पी जेईएस२’ द्यावी, मग ‘झेड ईओडी’ द्यावी, ‘हॉल्ट ईओडी सक्सेसफुल’ दिसेपर्यंत थांबावे, आणि त्यानंतरच हर्क्युलिसला ‘क्विट’ म्हणावे.